मोठ्या तळ्यावर जायचं होतं

घरात तिला ठकी म्हणत. आता पन्नाशी उलटली होती, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते, तरी मोठ्या भावाच्या तोंडी ती ठकीच होती. गल्लीला मात्र ती टेलरबाई. नवा कपडा ती क्वचितच शिवायची. दुकानातून घेतलेले तयार कपडे माणसांच्या मापात आणून द्यायचे, हा तिचा धंदा. पँट आखूड करा, कंबर सैल करा, चेन बदला, उसवलेलं शिवून द्या. "लोक खातात आणि फुगतात म्हणून आपली चूल पेटते," असं तिचा नवरा म्हणायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

या ठकीला लहानपणापासून एकच वेड होतं. मोठ्या तळ्यावर मासे धरायला जायचं.

वडील काचेच्या कारखान्यात भट्टीपाशी कामाला होते. आठवडाभर आगीसमोर उभं राहिलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी पाणी लागायचं. उजाडायच्या आत ते दादाला उठवत, गळाच्या दांड्या खांद्यावर टाकत आणि पहिली बस धरत. ठकी त्यांच्याही आधी जागी होऊन, चपला घालून दाराशी उभी असायची. वडील तिच्याकडे न बघताच म्हणायचे, "मुलींचं काम नाही ते." बस्स. ओरडणं नाही, रागावणं नाही. दार लागायचं, दोघांची पावलं जिन्यावरून खाली जायची आणि ठकी चपला काढून पुन्हा अंथरुणात शिरायची.

संध्याकाळी ते परत आले की त्यांच्या कपड्यांना एक वास असायचा. ओल्या लाकडाचा, शेवाळाचा, उन्हात तापलेल्या दोराचा. ठकी दादाच्या शर्टाला नाक लावायची.

"कसं आहे रे तळं?"

"मोठं आहे."

"केवढं?"

"पलीकडचा काठ दिसत नाही."

यापुढे दादाचं तोंड उघडायचं नाही. मग ती आईशेजारी बसून माशांचे खवले काढायची आणि एकेक खवला दिव्यापुढे धरून बघायची. आई म्हणायची, "अगं, मासा साफ करतेयस की हिरे पारखतेयस?"

पुढे वडील गेले. दादा जहाजांची इंजिनं दुरुस्त करायच्या नोकरीवर लांबच्या देशात गेला आणि तिकडचाच झाला. ठकीचं लग्न झालं, मुलं झाली, सासूचं लांबलेलं दुखणं तिनं काढलं, आईला शेवटपर्यंत सांभाळलं, गल्लीच्या तोंडाशी दुकान थाटलं. तळं काही चंद्रावर नव्हतं. सकाळच्या बसमध्ये बसलं की दोन तासांत माणूस तिथं पोचत होता. तिला कुणी अडवलंही नव्हतं. नवरा दर उन्हाळ्यात म्हणायचा, "चल, एकदा जाऊनच येऊ, तुझा जीव तरी थंड होईल." पण तिचा हट्ट एकच. जायचं ते दादाबरोबर. ज्या बसने ते दोघं जायचे त्या बसने, ज्या काठावरून होडीत बसायचे त्या काठावरून. बिनबोलावता घुसल्यासारखं तिला जायचं नव्हतं. कुणीतरी नेल्यासारखं जायचं होतं.

म्हणून दर रविवारी दादाचा फोन आला की मुलाबाळांची विचारपूस उरकायची आणि गाडी तळ्यावर यायची. "या वर्षी नक्की," दादा म्हणायचा. "नक्की म्हणजे नक्की," ठकी म्हणायची. मग राहायचं कुठं, होडी कुणाची घ्यायची, वारा कुठल्या महिन्यात पडतो, मासा काठाजवळ कधी येतो, हे सगळं ती त्याला ऐकवायची. तो तिकडून हुंकार भरायचा. वर्षं अशीच गेली. नवरा पेपरामागून म्हणायचा, "तुमच्या गप्पांनी तळ्यातले मासे म्हातारे होऊन मेले असतील."

आणि यंदा दादा खरंच येणार म्हणाला. तो निवृत्त झाला होता. वहिनी नातवंडांपाशी राहणार होती आणि तो एकटाच दोन आठवड्यांसाठी येणार होता.

ठकीच्या अंगात वारं शिरलं. स्टेशनमागच्या रस्त्यावर गळाच्या सामानाचं एक अंधारं दुकान होतं. तिथं ती पहिल्यांदा गेली आणि सवयीनं म्हणाली, "एक रीळ द्या." दुकानदार म्हातारा होता, कानानं जरा कमी. त्यानं विचारलं, "कोणत्या माशासाठी?" ती गडबडून म्हणाली, "पांढरं. नाही, म्हणजे... मोठ्या तळ्यासाठी." म्हातारा खो खो हसला आणि त्यानं तिला स्टुलावर बसवलं. मग मात्र ती दर दोन-तीन दिवसांनी तिथं जाऊ लागली. म्हातारा माशांबद्दल सोयऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायचा. हा लाजाळू, हा खादाड, हा गळ चाखून बघतो आणि आमिष तेवढं घेऊन पसार होतो. "माझा एक मेहुणा आहे असा," ती म्हणाली, आणि म्हाताऱ्यानं तिच्यासाठी चहा मागवला.

वडिलांची जुनी दांडी आईनं कपाटामागे ठेवली होती, ती ठकीनं बाहेर काढली. बांबूला चीर गेली नव्हती, पण ज्या दोऱ्यानं कड्या बांधल्या होत्या तो कुजला होता. तिनं जुना दोरा सोडवला, मेणाचा नवा दोरा घट्ट गुंडाळला आणि वर रोगण दिलं. ही दादासाठी. स्वतःसाठी तिनं नवी घेतली, हलकी. ती घेऊन रोज संध्याकाळी गच्चीवर जायची आणि दोऱ्याच्या टोकाला नट बांधून लांब फेकायचा सराव करायची. एकदा नट भलतीकडे गेला आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पँटमध्ये अडकला. ओढता ओढता पँट दोरीवरून सुटली आणि भिंतीवरून लोंबायला लागली. नवरा पायरीवर बसून हे बघत होता.

"काय लागलं गं गळाला?"

"गप्प बसा."

"दिवसभर पँटी, आता संध्याकाळीही पँटीच? नशीबच तसं दिसतंय तुझं."

दादा आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण मान तिरपी करून हसायची लकब तीच. पहिल्या रात्री सगळे पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी ठकीनं दोन्ही दांड्या आणून त्याच्यासमोर ठेवल्या. त्यानं वडिलांच्या दांडीकडे बघितलं. हात लावला नाही. "छान केलीस," म्हणाला, आणि पाणी प्यायला आत गेला.

निघायचं कधी, ते काही ठरेना. आधी प्रवासाचा शीण होता. मग पाठ धरली. मग म्हणाला, वारा फार आहे. ठकीनं खिडकीबाहेर बघितलं, समोरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. "शुक्रवारी जाऊ," म्हणाला, आणि शुक्रवारी जुना वर्गमित्र भेटायला गेला. ठकीनं तळ्यावरच्या विश्रामगृहाला पुन्हा फोन करून खोली पुढं ढकलली. पलीकडची बाई म्हणाली, "ताई, तुम्ही येणार आहात ना नक्की?"

"तुला दिसत नाही का?" नवरा हळूच म्हणाला. "त्याला जायचं नाहीये."

"तुम्हाला काय माहीत? त्याच्याइतकं ते तळं कुणाला माहीत आहे?"

"अगं, म्हणूनच म्हणतोय."

ती त्याच्यावर खेकसली आणि दिवसभर बोलली नाही. पण मशीन चालवताना पायाची लय चुकत होती. दोनदा सुई मोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा दादा आला. काखेत पिशवी, पिशवीत नवी पँट. "लांब होतेय. बघतेस?" त्यानं पडद्यामागे जाऊन ती घातली आणि आरशासमोर उभा राहिला. ठकी त्याच्या पायाशी गुडघ्यांवर बसली, तोंडात टाचण्या धरल्या आणि काठ दुमडायला लागली.

"ठके," तो वरून म्हणाला. "मला तळ्यावर नाही जायचं."

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. 

"मला कधीच जायचं नसायचं. बाबा होडी मधोमध नेऊन थांबवायचे आणि मग दिवसभर एक शब्द नाही. मी हललो की 'हलू नकोस'. शिंकलो की नुसतं बघायचे. तू कधी इतक्या पाण्यात, इतक्या गप्प माणसासमोर बसली आहेस का? मला लघवीला लागली तरी सांगायची भीती वाटायची. एकदा सांगितलं नाही, आणि... जाऊ दे. मी तिथं बसून काय विचार करायचो सांगू? तू आणि आई आत्ता काय करत असाल. आम्ही जिना चढायचो ना, तेव्हा वरून तुम्हा दोघींचं हसणं ऐकू यायचं. आम्ही दार ढकललं की तुम्ही गप्प. मला वाटायचं, माझ्या वाट्याचंही थोडं हसू ठेवायला काय झालं होतं तुम्हाला?"

ठकीनं टाचण्या तोंडातून काढून मनगटावरच्या छोट्या उशीला खोचल्या. एक खाली पडली, ती शोधायच्या निमित्तानं ती जरा वेळ खालीच वाकून राहिली.

"मग इतकी वर्षं फोनवर हो हो कशाला म्हणत होतास?"

दादा आरशातून तिच्याकडे बघत होता. "तू तळ्याचं बोलायला लागलीस की तुझा आवाज लहानपणीचा व्हायचा. तिकडे रविवारी दुपारी आमच्या घरात कुणी बोलत नाही. तो आवाज ऐकायला मी थांबलेला असायचो. मला काय माहीत, तू खरंच दांडी घेऊन उभी राहशील."

बाहेरून एक बाई डोकावली, ब्लाऊज झालं का म्हणून. "उद्या या," ठकी म्हणाली. बाई गेली.

"बाबा तिथं माझ्याबद्दल कधी काही म्हणायचे?" तिनं विचारलं. हा प्रश्न आपण विचारणार आहोत हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

दादा पँटची कंबर उगाच वर ओढायला लागला. तिला वाटलं, हा आता काहीतरी शोधून काढेल.

"खोटं सांगू का?"

"नको."

"मग नाही. कधीच नाही."

तिनं दुसऱ्या पायाचं माप घेतलं. खडूनं खूण केली. पँट मशीनवर घेऊन एका बैठकीत शिवली, इस्त्री फिरवली, घडी घालून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "तू नको येऊस. मी एकटी जाईन."

घरी नवऱ्यानं विचारलं, "मी येऊ?" ती म्हणाली, "तुम्ही आलात तर मला तुमच्या जेवणाचीच काळजी." त्यालाही ते पटलं. त्यानं तिच्यासाठी अंडी उकडली, पावाला लोणी लावून दिलं आणि जाताना म्हणाला, "पँट लागली तर माझ्या मापाची आण."

सकाळी ती बसथांब्यावर उभी होती.  बस आली. ती पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात मागून धापा टाकत दादा आला. नवी पँट घातली होती.

"मी काठावर बसेन," तो म्हणाला. "होडीत पाय ठेवणार नाही. आधीच सांगतो."

"नको ठेवूस. चढ आता."

सगळा रस्ता दादा खिडकीशी बसून बाहेर बघत होता आणि ती त्याच्या खांद्यावरून. कारखाने मागं पडले, मग गोदामं, मग वसाहती विरळ होत गेल्या. एका चढावर बस कण्हत कण्हत वर गेली, आणि वर पोचताच समोर पाणीच पाणी. पाणी आडवं पसरलेलं असतं अशी तिची समजूत होती. हे उभं राहिल्यासारखं दिसत होतं, आभाळाला टेकून. पलीकडे काहीच नव्हतं. तिनं दादाचं मनगट धरलं. त्यानं सोडवून घेतलं नाही.

होडी एका धिप्पाड बाईची होती. अंगात नवऱ्याचा शर्ट, बाह्या तीन-तीन वेळा दुमडलेल्या. ठकीचे हात शिवशिवले. दादा काठावरच्या चहाच्या टपरीपाशी बाकावर बसला आणि ठकी होडीत चढली. होडी डुचमळली तशी ती मटकन बसली. "अशाच बसा," नावाडीण म्हणाली. "मासा मोठा लागला तर मात्र उभ्या राहू नका. आपण दोघी वजनदार आहोत."

काठ मागं मागं जात राहिला. टपरीचं पत्र्याचं छप्पर हातावर मावेल एवढं झालं. नावाडिणीनं वल्ही आत घेतली आणि ती विणायला बसली. ठकीनं गळ टाकला. गच्चीवर जमायचा त्याहून तो चांगला पडला, आणि बघायला कुणी नव्हतं.

मग काहीच नाही. पाण्यावर गळाचं बूच डुलत राहिलं. शेवाळाचा तो वास आला, दादाच्या शर्टाचा. किती वर्षं तिनं ही जागा मनात बांधली होती. मनातल्या होडीत वडील असायचे, दादा असायचा, आणि मधे तिच्यासाठी जागा. आता ती खरीच होडीत बसली होती आणि ते दोघं नव्हते. एक मातीत गेला, एक काठावर. इथं येऊनही इथंच यावंसं वाटत होतं.

आणि मग तिला राग आला. सावकाश आला, पण चांगलाच आला. एवढं पाणी. नजर पोचत नाही एवढं. यात एका पोरीपुरती जागा नव्हती?

"काय म्हणालात?" नावाडिणीनं विचारलं.

"काही नाही. वडिलांशी बोलत होते."

"बोला की. इथं पुष्कळ लोक बोलतात," ती म्हणाली आणि टाके मोजायला लागली.

ठकी बोलली. मोठ्यानं नाही, पण तोंडानं बोलली. दाराशी चपला घालून उभं राहण्याबद्दल बोलली. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलली, जे वडिलांनी बघितले नव्हते. आपण टेलरचं दुकान थाटलं, मुलीला पोहायला शिकवलं, तेही सांगितलं. कुणी उत्तर दिलं नाही. पण कुणी गप्प बस असंही म्हणालं नाही. बोलून बोलून तिचा घसा सुकला, आणि ती पाण्याची बाटली उघडत होती तेव्हा बूच गप्पकन खाली गेलं.

पुढचं तिला नीट आठवत नाही. दांडी वाकली, बाटली होडीत सांडली, नावाडीण ओरडत होती, "सैल सोडा! आता ओढा! अहो सैल!" दोरा बोटांना कापत होता. हातांना मात्र दोरा कसा ओढायचा आणि कसा सोडायचा ते कळत होतं, तिचं आयुष्य दोऱ्यातच गेलं होतं. शेवटी जाळीत तो मासा आला. हातभर लांब, चांदीसारखा, रागानं शेपूट आपटत. ठकी हसत होती आणि रडत होती आणि अंगावर तळ्याचं पाणी उडत होतं, त्यामुळे काय कशाचं ते समजायला मार्ग नव्हता.

तिनं मासा दोन्ही हातांनी उंच धरला. काठावर एक ठिपका होता. तेवढ्या अंतरावरून त्याला मासा दिसणं शक्यच नव्हतं. पण ठिपका उभा राहिला आणि दोन्ही हात हलवायला लागला, लहान मूल हलवतं तसे, बराच वेळ.

दुपारी टपरीवाल्या बाईनं मासा तळून दिला. दादा म्हणाला, "काटे फार आहेत," आणि बशी चाटूनपुसून साफ केली. मग हात धुऊन तो तिला काठाकाठानं थोडं पुढं घेऊन गेला. बाबा आणि तो जिथून होडीत बसायचे ती जागा त्यानं तिला दाखवली. तिथं आता लव्हाळे वाढलेले होते आणि पाण्यात एक मोडका खांब. "इथून," तो म्हणाला. दोघं तिथं उभी राहिली.   त्याच्या कपाळावर घाम फुटला होता, तरी तो इथवर आला, एवढंच तिला पुरेसं होतं. पुरेसं नव्हतं, पण होतं.

परतीची बस संध्याकाळची होती. दादानं पिशवी उचलली. ठकी बाकावरून उठली नाही.

"मी राहते आजची रात्र," ती म्हणाली. "खोली सांगितलेलीच आहे. उद्या सकाळी पुन्हा जाते पाण्यात. यांना सांग, संध्याकाळच्या बसनं येईन म्हणावं."

"एकटी?"

"एकटी."

"ठके, मी परवा निघणार."

"माहीत आहे रे. उद्या रात्री आहेच की आपण. आईच्या गमती सांगीन तुला, कुठल्या रविवारी काय झालं ते. सगळं आठवतंय मला. तू म्हणशील, पुरे आता."

तो मान तिरपी करून हसला, बसमध्ये चढला आणि यायच्या वेळी बसला होता त्याच बाजूच्या खिडकीशी बसला. बस वळली, तेव्हा त्यानं काच खाली करून काहीतरी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. ती उगाच "हो, हो" म्हणाली. बस चढ चढून पलीकडे उतरली, आणि ठकीला एकदम वाटलं, धावत जावं, थांबवावी, तो काय म्हणाला ते तरी विचारावं. ती दोन पावलं गेलीही. मग थांबली. धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली.

नावाडीण होडी बांधत होती. ठकी तिच्याकडे वळली.

"उद्या किती लवकर निघता येईल?"

"तुम्ही उठाल तितक्या लवकर," ती म्हणाली. "आणि हा शर्ट तुम्ही सकाळपासून बघताय, तो आज रात्री घेऊन जा हवा तर. बाह्या खरंच लांब आहेत."